जनतेच्या पैशाचा कोड कोणत्या अटींवर?

राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ नावाचा देवनागरी फॉन्ट काढला. पुढे आयआयटी मुंबईत जुन्या संस्कृत शास्त्रग्रंथांवर काम करणाऱ्या अभ्यासकांना असा एक फॉन्ट हवा होता, ज्यात वैदिक स्वरचिन्हं असतील, क्वचित भेटणारी जोडाक्षरं असतील आणि रोमन लिप्यंतराच्या खुणाही असतील. त्यांनी कोऱ्या पाटीवरून सुरुवात केली नाही. यशोमुद्राची देवनागरी अक्षरं पायाला घेतली, ती वाढवत नेली आणि ‘शोभिका’ तयार झाला. त्यात १,६०० हून अधिक देवनागरी आकार आहेत, १,१०० हून अधिक जोडाक्षरं आहेत. एका सरकारी संस्थेचं काम दुसऱ्या संस्थेने पुढे नेलं आणि त्यासाठी मंत्रालयात फाइल फिरवण्याचं काही कारणच नव्हतं, कारण परवानगी फॉन्टसोबतच आली होती. यशोमुद्रा ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली दिलेला होता.

जगभरच्या भाषांवर काम करणाऱ्या एसआयएल या संस्थेने तयार केलेलं हे लायसन्स (थोडक्यात ओएफएल). त्याची आजची १.१ ही आवृत्ती २००७ ची. अटी मोजक्या आहेत. फॉन्ट पुस्तकात वापरा, दुकानाच्या पाटीवर वापरा, लग्नपत्रिकेत वापरा. बदला, वाटा. फक्त नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही. बदललेली आवृत्ती वाटायची असेल तर तीही याच लायसन्सखाली वाटायची. मूळ कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर आपल्या आवृत्तीला वेगळं नाव द्यायचं. फॉन्टात छापलेल्या मजकुरावर मात्र यातली एकही अट चढत नाही. ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ याच लायसन्सखाली आहेत. रेड हॅट कंपनीचं ‘लोहित’ हे फॉन्ट-कुटुंब आधी जीपीएल या सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली होतं, तेही २०११ मध्ये इकडे आलं. आज मराठी संकेतस्थळं, ॲप आणि पुस्तकं ज्या अक्षरांत दिसतात, त्यांतली कितीतरी या एका कागदामुळे आपल्यापर्यंत पोचली आहेत. डीटीपीच्या काळात ज्यांनी मराठी मजकूर हाताळला, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो विकतचा फॉन्ट नसला की आपलीच फाइल अगम्य चिन्हांचा ढीग होऊन समोर यायची, आणि फाइलसोबत फॉन्ट पाठवणं लायसन्समध्ये बसत नसे.

माझी मागणी या उदाहरणाएवढीच साधी आहे. महाराष्ट्र शासनाच्या, महापालिकांच्या आणि विद्यापीठांच्या पैशातून जे सॉफ्टवेअर, जे फॉन्ट, जे शब्दकोश तयार होतात, त्यांचं लायसन्स कामाच्या कंत्राटातच ठरलेलं असावं. ते मुक्त असावं, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येईल असं. आणि जिथे जमेल तिथे ते असं असावं की पुढे सुधारणा करणाऱ्यालाही आपली सुधारणा त्याच अटींवर खुली करावी लागेल. या शेवटच्या मुद्द्यावर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांमध्येही एकमत नाही, त्याकडे मी येतोच.

आधी कायदा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीच्या व्याख्येत कॉम्प्युटर प्रोग्रामचा समावेश आहे. कायद्याच्या लेखी कोड आणि कादंबरी एकाच रांगेत बसतात. लिहिल्याबरोबर हक्क निर्माण होतो. नोंदणी लागत नाही, खाली ‘सर्व हक्क राखीव’ लिहावं लागत नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. सरकारने केलेल्या किंवा करवून घेतलेल्या कामाचा पहिला मालक, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, सरकार असतं आणि तो हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर त्या देशात कॉपीराइटच नसतो. आपल्याकडे तसं नाही. म्हणून आपल्याकडे काहीच न लिहिणं याचा अर्थ ‘बंद’ असा होतो.

हे आपल्या तरुण प्रोग्रामरनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर चढवले जातात, कोड सगळ्यांना दिसतो, आणि चढवणाऱ्याला वाटतं की आपण तो जगाला दिला. लायसन्सची फाइल नसेल तर कायद्याने त्याने जवळपास काहीच दिलेलं नसतं. साइटच्या नियमांनुसार लोक तो पाहू शकतात, तिथल्या तिथे त्याची प्रत काढू शकतात. पण आपल्या कामात घेऊन पुढे वाटण्याचा हक्क त्यांना मिळत नाही. दिसणं आणि वापरता येणं यांच्यामधलं अंतर लायसन्स भरून काढतं. आरोग्य सेतू ॲपच्या बाबतीत हे अंतर सगळ्या देशाने पाहिलं. २ एप्रिल २०२० ला ॲप आलं तेव्हा त्याच्या वापराच्या अटींत ते उकलून पाहायलाच मनाई होती. आतून हे काय करतं, असं विचारणाऱ्या तज्ज्ञांनी आवाज उठवला, आणि २६ मेला अँड्रॉइड ॲपचा कोड अपाचे या मुक्त लायसन्सखाली खुला झाला. काल जे तपासणं अटींचा भंग होतं, ते आज प्रत्येकाचा हक्क झालं. सर्व्हरचा कोड मात्र त्या दिवशी त्यात नव्हता, आणि लोकांची माहिती जिथे जाऊन साठते ती जागा सर्व्हरच असते.

आता लायसन्सच्या जातींकडे. एका टोकाला एमआयटी, बीएसडी, अपाचे. एमआयटीचा इंग्रजी मजकूर २०० शब्दांच्या आत संपतो: हवं ते करा, आमचं नाव आणि ही सूचना काढू नका, काही बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. २००४ च्या अपाचे २.० मध्ये पेटंटचाही स्पष्ट परवाना आहे, म्हणून मोठ्या कंपन्या ते पसंत करतात. या जातीचा कोड बंद उत्पादनात घालायला पूर्ण मुभा आहे. ॲपलच्या मॅकओएसमध्ये फ्रीबीएसडी या मुक्त संगणकप्रणालीचा कोड आहे, सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची प्रणाली त्याच्यावरच उभी आहे, आणि या कंपन्यांनी आपल्या सगळ्या सुधारणा परत द्याव्यात असं कोणी म्हणू शकत नाही.

दुसऱ्या टोकाला जीपीएल, म्हणजे जनरल पब्लिक लायसन्स. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त संगणकप्रणाली बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती आली, १९९१ मध्ये दुसरी. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी आपल्या लिनक्स या प्रणालीला सुरुवातीला स्वतःचं लायसन्स दिलं होतं, त्यात पैसे घेऊन वाटायला बंदी होती. १९९२ मध्ये त्यांनी ते सोडून जीपीएल घेतलं. जीपीएलची युक्ती अशी की ते कॉपीराइटचंच हत्यार वापरून कोड खुला ठेवतं. प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर त्याचा सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूरही, द्या, तुमच्या बदलांसकट, आणि याच अटींवर. यालाच कॉपीलेफ्ट म्हणतात.

हे नुसतं कागदावर राहत नाही. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा घरगुती वायफाय राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला आणि धडाक्यात खपला. २००३ मध्ये लिंकसिस सिस्कोने विकत घेतली. त्याच सुमारास काही जाणकारांच्या लक्षात आलं की हा राउटर आतून लिनक्सवर चालतो, पण जीपीएलप्रमाणे द्यायला हवा असलेला सोर्स कोड कुठेच नाही. विचारणा झाली, दबाव वाढला, आणि त्याच वर्षी कंपनीने कोड प्रसिद्ध केला. २००४ च्या सुरुवातीला त्या कोडमधून ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठी मुक्त प्रणाली बनवणारा प्रकल्प जन्मला. साध्या राउटरवर लोक नवी वैशिष्ट्यं चढवू लागले, आणि उत्पादकांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली अशी जुनी यंत्रंही त्यामुळे कामात राहिली. पुढे कंपनीने त्या राउटरच्या नव्या आवृत्तीतून लिनक्स काढून टाकलं तेव्हा ग्राहकांकडून इतकी मागणी राहिली की लिनक्सवाला राउटर डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने वेगळा विकावा लागला. तो प्रकल्प आजही जगभर चालू आहे. कोड बीएसडीखाली असता तर यातलं काही मागण्याचा आधारच कोणाकडे नसता.

कोर्टात हे टिकतं का, असा प्रश्न वकील विचारतात. म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये लिनक्सचे एक प्रोग्रामर हेराल्ड वेल्टे यांच्या बाजूने जीपीएल लागू धरलं. अमेरिकेत २००८ मध्ये खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरवरून झालेल्या जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात अपिलाच्या न्यायालयाने सांगितलं की मुक्त लायसन्सची अट मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. त्याच वर्षी सिस्कोवर स्टॉलमन यांच्याच फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने दावा लावला आणि २००९ मध्ये तो तडजोडीने मिटला.

जीपीएलला एक फट आहे आणि आपल्या शासनाच्या बाबतीत तीच सगळ्यात मोठी आहे. सोर्स कोड द्यायची अट प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती दिला की लागते. सातबारा, फेरफार, आपले सरकार, अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या, शिष्यवृत्त्या यांतला कुठलाही प्रोग्राम नागरिकाच्या हाती येतच नाही. तो सरकारच्या सर्व्हरवर चालतो, आपल्याला फक्त निकाल दिसतो. समजा असं एखादं सॉफ्टवेअर जीपीएलखाली आहे. एखाद्या कंपनीने ते घेतलं, त्यात भर घातली आणि दुसऱ्या महापालिकेला सेवा म्हणून भाड्याने दिलं, तर जीपीएलची एकही अट न मोडता ती भर कायमची बंद राहू शकते. हीच फट बुजवायला नोव्हेंबर २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात नेटवर्कवरून प्रोग्राम वापरणाऱ्यालाही बदललेला सोर्स कोड मिळवण्याचा हक्क आहे. म्हणून शासनाच्या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरसाठी मी एजीपीएल म्हणतो. कोणत्या मुलीला कोणत्या कॉलेजात जागा मिळाली हे ज्या प्रोग्रामने ठरवलं, तो प्रोग्राम तिला वाचता आला पाहिजे.

याविरुद्धचा सर्वांत वजनदार युक्तिवाद मुक्त सॉफ्टवेअरच्या घरातूनच येतो. बेंगळुरूच्या ई-गव्ह फाउंडेशनने नागरी प्रशासनासाठी बनवलेला ‘डिजिट’ हा मंच एमआयटीखाली दिला. ट्रिपल-आयटी बेंगळुरूमध्ये आकाराला आलेला आणि फिलिपिन्स, मोरोक्कोसारख्या देशांनी ओळखपत्रांसाठी घेतलेला ‘मोसिप’ हा मंच मोझिला पब्लिक लायसन्स २.० या मधल्या जातीच्या लायसन्सखाली आहे. त्यांचा विचार असा की अटी सैल असतील तर कंपन्या न घाबरता पुढे येतील आणि प्रसार वेगाने होईल. प्रसार झाला, हे नाकारता येत नाही. पण ज्यांना जगभर आपलं सॉफ्टवेअर स्वीकारायला लावायचं आहे त्यांची अडचण वेगळी आणि ज्याच्या तिजोरीतून पैसा जातो त्या राज्याची वेगळी. राज्याला कंपन्यांना आमिष दाखवायचं नसतं. ते ग्राहक आहे, अट घालण्याची ताकद त्याच्याकडे आहे. छोट्या लायब्ररींना, म्हणजे इतर प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडच्या तुकड्यांना, अपाचे द्या, हरकत नाही. फॉन्टला ओएफएल, कोशाला क्रिएटिव्ह कॉमन्स हे मजकुरासाठीचं लायसन्स. आणि एजीपीएलवर एकमत होत नसेल तर एमआयटी चालेल, काहीच नसण्यापेक्षा ते हजार पटींनी बरं.

एक अट मात्र अजिबात नको: ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी, व्यावसायिक वापरास मनाई’. वरवर ती सात्त्विक वाटते. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने मुक्त लायसन्सची १९९८ पासून जी व्याख्या धरली आहे तिच्यात अशी अट बसत नाही, आणि त्याला कारण आहे. परिभाषा कोशाचं उदाहरण घ्या. शासनाचे कोश संकेतस्थळावर शोधता येतात, ही चांगली गोष्ट. पण ते शब्द एखाद्या स्पेलचेकरमध्ये, अनुवादाच्या साधनात किंवा कोल्हापूरच्या छोट्या प्रकाशकाच्या ॲपमध्ये घालायचे असतील तर हवं लेखी लायसन्स आणि उतरवून घेता येईल अशी फाइल. ‘व्यावसायिक मनाई’ लिहिली की बड्या कंपनीचं काही अडत नाही, ती स्वतःचा साठा उभा करते. अडतो तो हा छोटा प्रकाशक. मराठी विकिपीडिया व्यावसायिक वापरालाही मुभा देतो, अट एवढीच की श्रेय द्या आणि बदललेलं त्याच लायसन्सखाली ठेवा. भाषेच्या कामाला हेच शोभतं.

कंत्राटदार म्हणतील, कोड खुला केला तर आम्ही खायचं काय? याला मुंबईतच उत्तर आहे. फ्रॅपे ही मुंबईची कंपनी ‘ईआरपीनेक्स्ट’ हे उद्योगांचं हिशेब-साठा-पगार सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवते. ते जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे, कोणीही उतरवून चालवू शकतं. कंपनी पैसे मिळवते ते होस्टिंगचे आणि सेवेचे. सरकारी कंत्राटातही खरा खर्च बसवणं, प्रशिक्षण आणि देखभाल यांचाच असतो. कोड खुला असला तर पाच वर्षांनी देखभालीची निविदा दुसऱ्याला देता येते. कोडचा हक्क न घेता सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्या खात्याची अवस्था कन्व्हेयन्स न झालेल्या सोसायटीसारखी होते: पैसे भरले, राहायला लागून वर्षं झाली, पण बांधकामाला हात लावायचा तर बिल्डरच्या दारात उभं राहायचं.

सुरक्षेचा आक्षेप मी हलका मानत नाही. कोड खुला करणं म्हणजे लोकांची माहिती खुली करणं नव्हे. आधार क्रमांक, बँक खाती, जमिनीचे व्यवहार डेटाबेसमध्ये राहतात, पासवर्ड आणि किल्ल्या कोडमध्ये नसाव्यातच. पण खुला कोड आपोआप सुरक्षित होतो, हेही खरं नाही. एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतलं हार्टब्लीड हे भगदाड उघड झालं. इंटरनेटचा प्रचंड भाग त्या लायब्ररीवर उभा होता आणि तिच्या प्रकल्पाला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या साधारण २,००० डॉलर. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकसून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण घडलं. एका दमलेल्या स्वयंसेवकाने सांभाळलेल्या प्रकल्पात ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग प्रसिद्ध होणाऱ्या पॅकेजमध्ये चोरदरवाजा घुसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, त्याने मागोवा घेतला आणि सगळं उघडकीस आलं. बंद सॉफ्टवेअरमध्ये तो मागोवा इतक्या खोलवर नेता आला नसता. पण मला यातून जास्त बोचते ती दुसरी बाजू: जगाने वापरलं, पण सांभाळणाऱ्याला कोणी विचारलं नाही. लायसन्स हक्क देतं, पगार देत नाही. म्हणून शासनाच्या प्रत्येक खुल्या प्रकल्पाला देखभालीची वार्षिक तरतूद हवी, आणि शासन ज्या परक्या प्रकल्पांवर उभं आहे त्यांनाही त्यातून वाटा मिळावा. झिरोधा या खासगी कंपनीने २०२४ मध्ये मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. एवढ्या मोठ्या राज्याला त्याच्या एका अंशाचीही तरतूद करता येऊ नये?

हक्क कोणाच्या नावावर आहेत हेही पाहावं लागतं, कारण पुढच्या आवृत्तीच्या अटी तोच बदलू शकतो. हॅशिकॉर्प या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व्हर उभारण्याच्या आपल्या टेराफॉर्म या साधनाचं मुक्त लायसन्स काढून बंधनं घातली. रेडिस या कंपनीने आपल्या त्याच नावाच्या डेटाबेसबाबत मार्च २०२४ मध्ये तेच केलं. दोन्ही वेळा लोकांनी शेवटची मुक्त आवृत्ती घेऊन ओपनटोफू आणि व्हॅल्की हे वेगळे प्रकल्प उभे केले, आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय आणला. एकदा दिलेलं मुक्त लायसन्स त्या आवृत्तीपुरतं कोणी परत घेऊ शकत नाही. उद्या सरकार बदललं, खात्याचा विचार बदलला, तरी दिलेला कोड लोकांकडे राहतो, आणि लायसन्सचा आग्रह धरण्याचं माझ्या दृष्टीने हे मोठं कारण आहे.

केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण २०१५ मध्येच आलं. सरकारी ॲपचा सोर्स कोड खुला करण्याचं धोरणही त्याच वर्षीचं. त्यांतला सूर ‘प्राधान्य द्यावं’ असा आहे. स्वित्झर्लंडने कायदाच केला, १ जानेवारी २०२४ पासून तो लागू आहे: संघराज्य सरकारने बनवलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला करायचा, इतरांचे हक्क किंवा सुरक्षा आड येत असेल तरच अपवाद. प्राधान्य द्यायचं की नाही हे अधिकारी ठरवतो. कायद्याखाली अपवाद का केला याचं उत्तर त्याला द्यावं लागतं. महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. सेवा ज्या सॉफ्टवेअरमधून मिळते त्याचाही त्यात एक कलम घालून विचार व्हायला हवा.

तोवर थांबायचं कारण नाही. २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्या हाती आहे. ज्या पोर्टलवर तुमची अर्जाची रांग लागते, त्या खात्याच्या माहिती अधिकाऱ्याला तीन गोष्टी विचारा: या सॉफ्टवेअरचे कॉपीराइट हक्क कोणाकडे आहेत, कंत्राटातलं त्याबद्दलचं कलम काय आहे त्याची प्रत द्या, आणि सोर्स कोडची पूर्ण प्रत खात्याच्या ताब्यात आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ते पत्र घेऊन आपल्या नगरसेवकाकडे आणि आमदाराकडे जा, पुढची निविदा निघण्याआधी.